टॉर्निलोला गच्चीवर ठेवू नये

मी, ओब्दुलिया साल्दिवार मोंतान्यो, वय एकाहत्तर, अविवाहित, रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका, राहणार नार्वार्ते, मेक्सिको शहर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही. ती नऊ ऑक्टोबरला बदलणार आहेत. सर्जन म्हणतात, काळजीचे कारण नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मीही एकतीस वर्षे मुलांना हेच सांगत आले, म्हणून हे मृत्युपत्र. शिवाय सप्टेंबरात नोटरी निम्म्या फीमध्ये मृत्युपत्र करून देतात. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, तो कलम चारमध्ये नोंदवला आहे.

कलम एक. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझी धाकटी बहीण रेफुहियो हिला द्यावी. तिला सगळे कूका म्हणतात. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडे राहते.

कलम दोन. काचेची उपकरणे व तराजू शाळेला द्यावेत. ते कपाटात बंद करून ठेवू नयेत. मागे दिलेले तसेच बंद ठेवले आहेत. कूकाचा मुलगा एफ्राइन याला ड्रिल मशीन. ते चार वर्षांपासून त्याच्याकडेच आहे, तेव्हा न्यायला येण्याची तसदी घेऊ नये.

कलम तीन. टॉर्निलो. जात चिवावा, वजन पावणेदोन किलो, वय तीन. एवढ्याशा कुत्र्याचे मूत्राशय जर्दाळूएवढे असते. त्याला दिवसातून सहा वेळा खाली न्यायला माझे गुडघे तयार नाहीत, म्हणून मी त्याला कागद पसरलेल्या पेटीत लघवीला बसायला शिकवले. पेटी धुण्याच्या दगडाशेजारी आहे. पद्धत अशी: झोपून उठल्यावर लगेच आणि जेवल्यावर पंधरा मिनिटांनी त्याला पेटीत ठेवायचे व गप्प उभे राहायचे. काम झाले की उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा. पेटी गरम पाणी व व्हिनेगरने धुवायची आणि त्याच्या लघवीने ओल्या झालेल्या कागदाचा एक कपटा आत ठेवायचा, म्हणजे जागा त्याला वासाने सापडते. ओरडायचे नाही. कुत्रा तीन आठवड्यांत शिकला.

पुढे तो सगळे विसरला. बैठकीत, पलंगाखाली, सोफ्याच्या चारही पायांशी. आठ महिने मी त्याला दोष दिला. त्याच्यावर ओरडले, जे मी वर करू नये म्हणून लिहिले आहे. प्रयोगशाळेतल्या आम्लांनी माझे नाक केव्हाच निकामी केले आहे, नाहीतर कारण पहिल्याच दिवशी कळले असते. एका शनिवारी कूका पेटी घासताना दिसली. हातात पाइनच्या वासाचे हिरवे फिनेल.

"हे काय चाललंय?"

"चकाचक करतेय, ताई. तुझ्या त्या व्हिनेगरने घराचं लोणचं झालंय."

"फरशीलाही हेच लावतेस?"

"मग काय लावू? रोज दोनदा पुसते. जपमाळेची प्रार्थना म्हणायला बायका येतात गुरुवारी. पाइनचा वास आला नाही तर म्हणतील, या बहिणी फरशी पुसत नाहीत."

म्हणजे पेटीला पाइनचा वास आणि घरालाही पाइनचाच. कुत्र्याने सरळ निष्कर्ष काढला की सगळे घर पेटी आहे. त्याचे तर्कशास्त्र बरोबर होते. कूकाने शपथ घेऊन फिनेल बंद केले आणि दर बुधवारी संध्याकाळी पुन्हा सुरू केले. मी बाटल्या फेकल्या. तिने शॅम्पूच्या बाटलीत भरून ठेवले.

कलम चार. एफ्राइन ऑगस्टमध्ये जेवायला आला असता टॉर्निलोने त्याच्या बुटावर लघवी केली.

"मावशी, बास झालं. कुत्र्याची जागा गच्चीवर. माझ्या सासऱ्यांचा रॉटवायलर बारा वर्षं गच्चीवर होता, टाक्यांच्या मध्ये."

"तो पन्नास किलोचा होता. हा गारांच्या पावसात सापडायचासुद्धा नाही."

"तुझ्या ऑपरेशननंतर बघू."

"काय बघू?"

त्याने ताटातला भात चिवडला. कूकाने त्याला आणखी वाढले. तिचे ते वाढणे मला त्याच्या बोलण्याहून जास्त लागले.

म्हणून पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की टॉर्निलो घरात राहील तोवरच फ्लॅट कूकाचा; तो गच्चीवर गेल्यास फ्लॅट विकून पैसे शाळेला. तो मजकूर मी तिला वाचूनही दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे मी कुत्र्याची भाडेकरू." मी म्हटले, हो.

कलम पाच. ती अट मी रद्द करते. कारण लिहिणे भाग आहे.

गेल्या आठवड्यात तपासण्यांसाठी मला चार दिवस इस्पितळात ठेवले. कुत्रा गच्चीवर गेला असणार हे धरूनच मी जिने चढले. दार उघडले तर तो पेटीतून बाहेर येत होता आणि कूका गप्प उभी होती, हातात कोंबडीचा तुकडा घेऊन. फरशी कोरडी होती.

"किती वेळा चुकला?" मी विचारले.

"चार दिवसांत एकदाच चुकला. तेही एफ्राइनचा फोन वाजला म्हणून."

"आणि गुरुवारच्या बायका?"

"त्यांना जिन्यातच थांबवलं. सांगितलं, आत आजार आहे." तिचा आवाज चढला. "फिनेलचा वास न येणाऱ्या घरात मी कुणाला घेऊ, ताई? लाज नाही वाटत? चार दिवस एक माणूस आत आलं नाही. वेड लागायची पाळी आली मला."

कूकाला माणसांशिवाय तासभर करमत नाही. मी तिला शाबासकी दिली नाही. ती इथे देते: शाबास, कूका.

टॉर्निलो विनाअट कूकाला द्यावा. एफ्राइनने मत देऊ नये.

कलम सहा. मी गेले तर नऊ दिवसांच्या जपमाळेला हे घर बायकांनी भरेल. त्या नऊ दिवसांत कूकाने फरशीला हवे तितके फिनेल लावावे. पाइनचा वास जिन्यापर्यंत यावा. बहिणीच्या प्रार्थनेला तिने लाजेने मान खाली घालून बसू नये. टॉर्निलो सगळीकडे घाण करील. त्याला कोणी रागावू नये, आणि तिलाही नाही. दहाव्या दिवशी घर गरम पाणी व व्हिनेगरने पुसून शिकवणी पहिल्यापासून सुरू करावी. तीन आठवडे लागतात.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले असून साक्षीदारांसमोर सही केली आहे.

(सही) ओब्दुलिया साल्दिवार मोंतान्यो

साक्षीदार:
१. आउरोरा बेर्दुस्को, दुसरा मजला (सही)
२. इल्देफोन्सो कारासा, घड्याळ दुरुस्ती, तळमजला (सही)

मेक्सिको शहर, २४ सप्टेंबर २०२४