एकाच टबात दोन इंजिनं

तीर्थरूप मामीस,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे जेवतो, कामावर जातो आणि एकमेकांशी कामापुरतं बोलतो. तुझी कंबर कशी आहे? मामांच्या गुडघ्याचं काय? (ही चौकशी अगदी मनापासूनची आहे. गुडघा अजून दुखत असेल तर दुखणं अंगावर काढून प्रवास करू नका. महिन्याने या, दोन महिन्यांनी या. गाड्या कुठे पळून जात नाहीत. मामांची थोरली मोटरसायकल तर हल्ली सकाळी गार असताना वीस किका खाल्ल्याशिवाय जागची हलत नाही.)

परवा मामांचा फोन आला. "रविवारी येतोय. खुर्ची अंगणात टाकून ठेव," एवढंच बोलले आणि ठेवला. तेव्हापासून ती खुर्ची मी तीनदा बाहेर टाकली आणि तीनदा आत आणली. तू म्हणशील, खुर्चीचं एवढं काय घाबरायचं? पण मामांनी अट घातली तेव्हा तू चहा करायला आत गेली होतीस, म्हणून सांगतो. गुडघ्यामुळे किक मारणं बंद झालं तेव्हा त्यांनी आपल्या दोन्ही इटालियन मोटरसायकली वाटून टाकल्या. थोरली मास्तरला, धाकटी मला. (मास्तर म्हणजे आपला मावसभाऊच. तंत्रशाळेत शिकवतो म्हणून सगळे म्हणतात, तर मीही म्हणतो.) आणि म्हणाले, "वर्षाने येईन, डोळे मिटून दोघींचा आवाज ऐकेन. जिचा आवाज बिघडलेला असेल ती दुसऱ्याच्या घरी जाईल." मामांचा कान कसा आहे ते तू जाणतेसच. तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा तुटणार हे त्यांनी पलीकडच्या खोलीतून सांगितलं होतं.

दोघी एकाच कारखान्यातल्या, चार महिन्यांच्या अंतराच्या. सिलिंडर एकच, तोही पुढे तोंड करून आडवा झोपलेला. अशा गाड्या आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. परक्या माणसाला त्यांच्यात फरक दिसत नाही आणि आम्हा दोघांना फरकाशिवाय काही दिसत नाही. मास्तर म्हणतो, थोरलीच्या टाकीचा लाल रंग कारखान्यातला आहे आणि धाकटीचा भाजीवाल्याकडचा. मी म्हणतो, माझ्याकडे मूळच्या सात पान्यांपैकी तीन आहेत, तुझ्याकडे रिकामी पिशवी आहे. दोघींचाही गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. (पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसच्या गेटवर घाईत ब्रेक समजून उजवा पाय दाबला. वॉचमन वेळेवर उठला, त्याची खुर्ची उठू शकली नाही. अजून तो मला सलाम करताना एका पायावर तयार असतो.)

वाद तुटेना, तेव्हा मास्तरने तोडगा काढला: दोन्ही इंजिनं एकाच वेळी उघडायची आणि भागाशी भाग ताडून बघायचा. माझं जेवणाचं टेबल मोठं, म्हणून बैठक आमच्याकडे. गाड्या दाराशी उभ्या, आणि सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर असं सगळं टेबलावर, डावीकडे त्याचं, उजवीकडे माझं. किचनमधल्या काट्यावर पिस्टन तोलले. दोन्ही तंतोतंत एकाच वजनाचे भरले, मग काटा कोणाच्या बाजूने खोटा आहे यावर आठवडा गेला. तोवर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. सिलिंडर आतून मोजायचे शनिवारवर ठेवले होते.

शुक्रवारी हिच्या ऑफिसातल्या बायका जेवायला यायच्या होत्या. हिच्या लेखी दोन इंजिनं म्हणजे एकच पसारा. हिने तो सगळा एका टबात रॉकेलमध्ये भिजवला, ब्रशने घासला आणि गच्चीवर जुन्या चादरीवर वाळत घातला. वर आकाराप्रमाणे लावून ठेवला, मोठे मोठ्यांत, छोटे छोट्यांत. इतकं स्वच्छ काम मी जन्मात पाहिलं नाही. मास्तर गच्चीवर आला, चादरीकडे बघितलं आणि एक व्हॉल्व्ह उचलून परत तिथेच ठेवला. ही म्हणाली, "सगळ्याच्या जोड्याच आहेत ना? मग एक तुम्हाला, एक यांना. एवढं काय?"

ओळखू येत नाही हे कबूल करायला दोघांचीही जीभ रेटेना. आपलं लेकरू कोणाला ओळखू येत नाही, असा आव आणून आम्ही एकेक भाग उचलला. मी उचलला की तो म्हणायचा, "हो, तो तुझाच." जोडायला सहा रविवार लागले. आणि मामी, धाकटी दुसऱ्या किकेला सुरू झाली. आवाज असा की आमच्या बिल्डिंगमधले आजोबा काठी टेकत ऐकायला आले. थोरलीही सुरू झाली, पण निळा धूर सोडत. मास्तरने दोनदा पिस्टनच्या रिंगा बदलल्या. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून, त्याची मूठ कानाला लावून तो तासन्‌तास वाकून उभा असतो. वहिनी म्हणते, जेवायला हाक मारली तर हात वर करून गप्प करतात. मी जाऊन धीर देतो. म्हणतो, वय झालं रे तिचं, मनाला लावून घेऊ नकोस.

तेव्हा मामी, तुझ्या भाच्यासाठी एवढं कर. मामांच्या कानावर हळूच घाल की धाकटी कशी फुलासारखी ठेवलीय. निकाल लागायचा तसा लागेलच, पण मन आधीपासून आपल्या बाजूला असलेलं बरं. तुम्हा दोघांच्या तब्येतीला जपा. मोठ्यांना माझा नमस्कार पोचव, आणि लहान कोणी भेटलंच तर त्याला मोटरसायकलपासून लांब राहायला सांग.

तुझा भाचा

ता. क. या पत्राबद्दल मास्तरला बोलू नकोस.

ता. क. मामी, वर लिहिलंय त्यात एक गोष्ट गाळली आहे. ती लिहिल्याशिवाय मला पाकीट चिकटवता येईना. हिने इतकं लख्ख धुतलं म्हणून गच्चीवर सिलिंडरच्या कडेवर बोट फिरवताना मला एक बारीक टिंब लागलं. दुसऱ्या सिलिंडरवर दोन होती. खाली येऊन गाड्या पाहिल्या. थोरलीच्या इंजिनचा जो खालचा भाग गाडीतच राहिला होता त्यावर एक टिंब, धाकटीच्या दोन. मामांनी केव्हातरी खूण ठोकून ठेवली असणार. मास्तरला ती दिसली नाही. माझ्या, म्हणजे दोन टिंबांच्या सिलिंडरला आतून वरपासून खालपर्यंत ओरखडा होता. ऑईल संपलेलं असताना मी एकदा धाकटी तशीच घरापर्यंत दामटली होती, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. मी एक टिंबवाला उचलला आणि त्यात बरोबर बसणारा पिस्टनही. ओरखडा बघून मास्तर मला म्हणाला, "माझ्या हातून कधीतरी ऑईल कमी पडलं असणार." मी मान हलवली.

रविवारी मामा डोळे मिटून बसतील आणि धाकटीला उजवी ठरवतील. पण तो आवाज थोरलीचा आहे, मास्तरने सांभाळलेला. म्हणून वर मागितलं त्याच्या उलट कर. मामांना आधीच सगळं सांग आणि धाकटी मास्तरला द्यायला लाव. निदान दोघींचे अवयव एका छपराखाली येतील आणि तो ते जागच्या जागी बसवेल. मला तिच्याशिवाय फार जड जाणार आहे. पण हे आणखी जड झालंय. मी स्वतः सांगायला दोनदा त्याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा त्याने मला चहा दिला आणि मामांची गाडी सांभाळता आली नाही म्हणून माझीच माफी मागितली.

ता. क. पत्र टाकायला हिच्याकडे दिलंय. माझ्या हातून ते पेटीत पडलं नसतं.