एक रुपयाही कमी नाही

१२ जानेवारी २०२६, सोमवार

सावित्राबाईचे साठ हजार आज देऊन टाकले. सुटले एकदाची! २०१० साली शेळ्या विकून आणले होते तिनं. नवऱ्याच्या हाताला लागू नयेत म्हणून माझ्याकडे. तेव्हा हॉटेलच्या लिनन रूममध्ये माझ्या हाताखाली चादरींच्या घड्या घालायची. तिचं खातं नव्हतं, कागद नव्हते, म्हणून बँकेत माझ्याच नावावर मुदत ठेवीत ठेवले.

आता कुरवंड्याला खोली बांधायचीय तिला. पावती मोडायचा खटाटोप कोण करणार — घरात बोनसचे होते, तेच दिले. तिच्यासमोर दोनदा मोजले. एक रुपयाही कमी नाही. बाईचे डोळे भरले. “तुमी हुत्या म्हनून ऱ्हायलं, ताई,” म्हणाली.

दिवस बरा गेला.

१९ जानेवारी

क्वार्टर सोडायचं पत्र आलं. ३१ मार्चला रिटायर, त्याच आठवड्यात खोली रिकामी. अठ्ठावीस वर्षं या हॉटेलात काढली, आणि पत्रात माझं नाव चुकवलंय! ‘यशोदा’ लिहिलंय.

असो. मला काय चिंता? वडिवळ्याला माझे दोन गुंठे आहेत. हे गेले तेव्हा विम्याचे तीन लाख आले होते, ते २००८ साली राजूला दिले. तो गावात अकरा गुंठे घेत होता. दोन गुंठ्यांची वेगळी खरेदी होत नाही, आक्का, सगळं माझ्या नावावर करू, कडेचे दोन तुझे — असं म्हणाला होता. सख्खा भाऊ. मी कसला कागद मागणार? आईनं पावलं टाकून माझा तुकडा मोजला आणि कोपऱ्यात शेवग्याची फांदी लावली. म्हणाली, ही आक्काची खूण.

दोन खोल्या आणि एक ओटा. जास्त नको.

२५ जानेवारी, रविवार

वडिवळ्याला जाऊन आले.

शेवगा नाही.

बुंधासुद्धा नाही. जेसीबीनं सगळं सपाट केलंय, तारेचं कुंपण, आणि बोर्ड — ‘लेक व्ह्यू व्हिला, बुकिंग सुरू’. वॉचमन आत सोडेना. माझी जागा आहे म्हटलं, तर हसला. मालकांनी दिवाळीच्या आधीच विकली म्हणे. कोण मालक? “राजेंद्रशेठ,” म्हणाला.

राजू शेठ कधी झाला?

कामशेतपर्यंत चालत आले. रिक्षात बसायचं सुचलंच नाही.

२६ जानेवारी

सात फोन केले. उचलत नाही.

१ फेब्रुवारी

वहिनीनं उचलला. साहेब साइटवर आहेत म्हणे. निरोप असा, की पंधरा तारखेला आमच्या वडिलांचं, आप्पांचं स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन आहे, तेव्हा समोरासमोर बोलू. बरंच झालं. चार लोकांत खोटं बोलायला तरी लाजेल.



१५ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच लिहून काढते. नाहीतर झोप लागायची नाही.

राजूच्या नव्या बंगल्यासमोर मांडव. आप्पांच्या फोटोला हार, पुढे मेणबत्त्या. सगळ्यांनी हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हटलं. न दिलेलं घेणार नाही — हे राजूही म्हणाला, माझ्या शेजारी बसून, स्वच्छ आवाजात.

मग उठला, माइक घेतला. आधी आप्पांबद्दल बोलला. रेल्वेत गँगमन होते, कुणाचा पै-पैसा बुडवला नाही, वगैरे. आणि मग खिशातून चेक काढला. “माझ्या आक्कानं विश्वासानं तीन लाख ठेवले होते माझ्याकडं. सतरा वर्षं सांभाळले. आज आप्पांच्या फोटोसमोर परत देतोय. एक रुपयाही कमी नाही!”

टाळ्या. टाळ्या वाजवल्या लोकांनी! सीताराम चुलते म्हणाले, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. भाच्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. आणि मी — मी चेक घेतला. दोन्ही हातांनी. व्हिडिओत मी हसतेय.

‘ठेवले होते’ म्हणाला. ठेवले नव्हते रे, जमीन घेतली होती! एका शब्दात माझे दोन गुंठे गेले. गुंठा आज नऊ लाखाला गेलाय तिथं. अठरा लाख त्यानं खिशात घातले आणि तीन लाख देऊन वर हरिश्चंद्र झाला. केसानं गळा कापला.

त्याच्या मांडवातली खीर मी खाल्ली. याचाच जास्त राग येतोय.

१६ फेब्रुवारी

आज कामावर तीनशे दहा चादरी मोजल्या. एक कमी निघाली, तर सगळा मजला धुंडाळायला लावला. आणि सातबारा? सतरा वर्षांत एकदा नाही बघितला!

२० फेब्रुवारी

आईशी बोलले. राजू घरी नसताना मुद्दाम गेले. ती ओट्यावर लसूण सोलत होती. म्हटलं, आई, तू पावलं टाकलीस, तू शेवगा लावलास. तू सांग त्याला.

तिनं लसणाचा पुढचा गड्डा फोडला. मग म्हणाली, “मला न्हाई आठवत, आक्का. आन् आठवलं तरी काय? मला त्यो सांभाळतोय.”

राजूनं फसवलं ते एक वेळ समजतं. त्याला पैसा दिसला. पण आईला काय दिसलं? दोन वेळचं जेवण. माझ्याकडे ये म्हणायला मला तोंड नव्हतं — मलाच घर नाही.

२८ फेब्रुवारी

घोरावाडी स्टेशनजवळ एक खोली-किचन बघितलं. चोवीस लाख. खिडकी उघडली की दुसऱ्याची भिंत. माझं बजेट विचारलं, मी तीन लाख आणि फंडाचे थोडे म्हणाले. एजंट पोरगा सभ्य होता, हसला नाही. “मावशी, तीन लाखांत आता पार्किंगपण येत नाही,” एवढंच.

२००८ मध्ये याच रस्त्याला साडेचार लाखांत अख्खा फ्लॅट मिळत होता. हे गेल्यावर मी एकटीनं फ्लॅटमध्ये कसं राहायचं म्हणून घेतला नाही. आपल्या माणसांत, गावात राहू म्हटलं. राहा आता!

६ मार्च

बँकेत गेले. खिडकीवर सुहास म्हणून मुलगा आहे, समजावून सांगतो. म्हटलं, माझे तीन लाख भावाकडे न देता इथे ठेवले असते तर? त्यानं आकडेमोड केली. साधारण दहा लाख झाले असते. ‘आणि मॅडम, तरीही तुमचे दोन गुंठे आले नसते,’ म्हणाला. महागाई व्याजाच्या पुढे पळते म्हणे.

मग माझी सगळी खाती काढली. एक जुनी पावती निघाली, साठ हजारांची, दर वेळी आपोआप रिन्यू होत गेलेली. आज तिचे एक लाख बहात्तर हजार! तेवढ्यातही मला आनंद झाला. बुडत्याला काडीचा आधार.

तिथूनच राजूला फोन लावला. नवल म्हणजे उचलला. म्हटलं, माझ्या साठ हजारांच्या पावतीचे पंधरा वर्षांत तिप्पट झाले, मग माझ्या तीन लाखांचे तू तीनच लाख कसे देतोस? दुसऱ्याचा पैसा वापरायचा, वाढवायचा, आणि मुद्दल तोंडावर फेकून साळसूद व्हायचं?

शांतपणे ऐकलं त्यानं. मग म्हणाला, “आक्का, रुपया पडला त्याला मी काय करू? तू दिले तेवढे मी दिले. कुणालाही विचार, हिशोब चोख आहे.”

रुपया पडतो तो फक्त माझाच. याचा गुंठा चढतो.

१३ मार्च

वकील म्हणाले, कागद काय आहे? नाही. साक्षीदार? आई. बोलेल का?

फी घेतली नाही. दया आली असावी.

१४ मार्च

राजूचं नाव मोबाईलमधून काढलं. नंबर पाठ आहे, त्याचं काय करू?

३१ मार्च, मंगळवार

रिटायर झाले. शाल, नारळ, चिक्कीचा बॉक्स. मॅनेजरसाहेबांनी भाषणात ‘यशोदाबाई’ म्हटलं. भांगरवाडीत भाड्यानं खोली मिळाली, अकरा महिन्यांचा करार. त्यानंतर भाडं वाढवणार, हे आधीच सांगून ठेवलंय.

सगळे विचारत होते, आता भावाकडे जाणार ना? किती चांगला भाऊ तुमचा. तो व्हिडिओ हॉटेलभर फिरलाय.

२ एप्रिल

सावित्राबाई पत्ता विचारत आली. डोक्यावर पाच किलो नवा इंद्रायणी तांदूळ, नव्या घराला म्हणून. व्हिडिओ तिनंही बघितलाय. “तुमच्या भावानं बी समदं पैशं परत दिलं म्हनं. तुमच्या घरचं रगतच इमानी, ताई.”

मी विचारलं, खोली झाली का?

“जोत्यापातूर आलं. तवा यवढ्यात खोली हुत हुती, पत्र्यासकट. आता सिमिट लय म्हाग झालं. भिंती बगू फुडल्या साली.” हसत म्हणाली. तक्रार नाही.

चहा घेऊन गेली. मग मी ट्रंकेतून ती साठ हजारांची पावती काढली. नाव माझं. पैसे तिच्या शेळ्यांचे.