तिसरं लेकरू

कोसंबटोली, ता. आरमोरी
१ डिसेंबर

ति. गुणाबाईस,
मंजुषाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इथी आम्ही सारे बरे. तुझी आन भाऊजींची खुशाली मनातल्या मनात रोजच विचारते.

फोन सोडून पत्र काऊन लिहून राह्यली, म्हणून हसशील. बाई, इलेक्शनचे दिवस आहेत. इथी जो तो फोन रेकॉर्ड करते आन सांजेपर्यंत गावाच्या ग्रुपवर टाकते. म्हणून हे सिरोंच्याच्या बसच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यली. वाचलं की चुलीत टाकजो.

आमच्या गावची सरपंचकी यंदा बाईसाठी सुटली, आन मी उभी राह्यली! मागच्या चैतात झिंगूमामाले शाळेच्या रस्त्यावर वाघानं नेलं, तवापासून गावच्या चौदा पोरी घरी बसल्या. आपली मोठी बी. दहावीचं वर्ष आहे तिचं. मुलींची निळी बस फाट्यापर्यंत येते, गावात येत नाई, कारण वळाले जागा नाई. जागा होती. गावातल्या लहान शाळेजवळच्या त्या जागेवर माह्या चुलत दिराचा, प्रवीणभाऊचा गोठा उभा आहे. आन त्याचीच बायको आता माह्यासमोर सरपंचाले उभी आहे. म्हणून बायाच घरी आल्या. म्हणे, मंजुषा, तूच उभी राह्य. खैरुनभाभीनं तर डमी म्हणून स्वतःचाही फारम भरला, म्हणे माहा उडाला तर तिचा तरी राहीन. खैरुनभाभी म्हणजे ती बांगड्यावाली, तुले आठवत असंन.

आता खरं सांगते. तहसीलात फारम भरणाऱ्या पोरानं मान वर न करता विचारलं, लेकरं किती. मी म्हटलं, दोन. त्यानं लिहिलं, मी सही केली. दोनापेक्षा जास्त लेकरं असली तर उभंच राहता येत नाई, तुले माहीत आहे. पण बाई, बाहेर आल्यावर मी बोटांवर तीन मोजले. दिव्यानी कशी आहे? मोजे विणून पाठवले आहेत, मावशीनं दिले म्हणून सांगजो.

माया ठेवजो, आन शक्य तर माफी.
तुही,
मंजुषा

*

सिरोंचा
३ डिसेंबर

चि. सौ. मंजुषास,
गुणाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. चुलीत टाकलं नाई, तांदळाच्या कोठीत लपवलं, कारण पुन्हा वाचायचं होतं.

दोन म्हटलं ते बरोबरच म्हटलं. अकरा वर्षांपासून दिव्यानी माही आहे. इथल्या दवाखान्यातून आणली तवा ती पाच दिवसांची होती, आन तूच माह्या ओटीत टाकली. माही कूस उजवत नव्हती, तुह्या घरी दोन लेकरं आन एकाची कमाई. तू गावात जाऊन सांगतलं, लेकरू राह्यलं नाई. मी इथी सांगतलं, माहं आहे. शाळेत बापाचं नाव ह्यांचं. कोणाचं काही बिघडलं नाई.

पण मंजुषा, दवाखान्याच्या वहीत आईचं नाव तुहं आहे. ते कोणी खोडलं नाई. आन तुले घ्यायले गाडी घेऊन कोण आलं होतं, विसरली काय? तोच प्रवीण. ह्याच घरात चहा पिऊन गेला, लेकरू माह्या मांडीवर होतं. आजवर तो चुप राह्यला कारण त्याले काम पडलं नव्हतं.

मोठी बहीण म्हणून सांगते, हात जोडून सांगते, फारम परत घे. बस आज ना उद्या येईन. पण पोरीले हे दुसऱ्याच्या तोंडून समजलं तर ती माही राहीन ना तुही.

दिव्यानी मजेत आहे. मैत्रिणीसोबत तेलुगूत भांडते, घरी येऊन मराठीत रडते. मोजे तिले लहान झाले. तुह्या मनातली दिव्यानी अजून छोटीच आहे वाटते.

निकेशरावाले नमस्कार. तुही काळजी वाहणारी,
गुणाबाई

*

कोसंबटोली
७ डिसेंबर

ति. गुणाबाईस,
मंजुषाचा शि. सा. नमस्कार.

तू सांगतलं ते मी ऐकलं नाई. आधी तेच लिहिते, म्हणजे पुढचं वाचाचं की नाई ते तू ठरवशील.

परवा छाननी झाली. साहेबानं माहं नाव घेतलं आन प्रवीणभाऊ उठला. म्हणे, ह्या बाईले तीन लेकरं आहेत, तिसरं सिरोंच्याले आहे. सारी खोली माह्याकडे पाहाले लागली. साहेबानं त्याले पुरावा मागतला. तो म्हणे, आणून देतो, मुदत द्या. साहेब म्हणे, मुदत नाई, आहे तर आत्ता दाखवा. मग मले विचारलं. मी पुन्हा म्हटलं, दोन. ह्या वेळी आवाज बी हलला नाई बाई, त्याचंच मले भेव वाटलं. फारम मंजूर झाला. बाहेर बायांनी टाळ्या वाजवल्या. खैरुनभाभीनं माह्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आन भांडून पैसे घेतले नाई. तिचाही फारम मंजूर झाला.

काल सकाळी प्रवीणभाऊ घरी आला. ओरडला नाई. खाटेवर बसून चहा घेतला, मोठीच्या अभ्यासाचं विचारलं. मग म्हणे, वहिनी, तो गोठा माह्या बापानं बांधला, तिथीच त्याचा जीव गेला. तो पाडणारी बाई मी सरपंच होऊ देणार नाई. उद्या तीनपर्यंत फारम मागे घ्या. नाई घेतला तर अंकुशले सिरोंच्याले धाडतो, दवाखान्याची वही आणाले. अंकुश म्हणजे त्याचा भाचा, तालुक्यात झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं.

ह्यांनी मले म्हटलं, घे मागे. मी आज गाडीवर बसून तहसीलात गेली बी. दाराबाहेर बाकावर बसली. अडीच वाजले. पावणेतीन वाजले. मोठी संग होती. ती म्हणे, आई, तू इथी बसून काऊन राह्यली, आपलं काम झालं ना? तिले काय सांगू? चार किलोमीटर चालून शिकू म्हणणारी पोर ती, आठ महिन्यांपासून घरी बसून गुरं पाहते. मी उठली नाई. तीन वाजले, दार लागलं. ह्या साऱ्यात खैरुनभाभीचा फारम काढाचाही राह्यला, आता मशीनवर तिघींचीही नावं येतील.

अंकुश येईन. दवाखान्यात तुह्या ओळखीची सिस्टर आहे ना, तिले सांगून ठेवजो. आन पोरीले चार दिवस शाळेत धाडू नको.

राग कर, पण नातं तोडू नको.
मंजुषा

*

सिरोंचा
११ डिसेंबर

सौ. मंजुषास,

आशीर्वाद लिहाले हात उचलत नाई, तरी समजून घे.

अंकुश आला. पहिले दवाखान्यात गेला. सिस्टरनं वही दाखवली नाई, म्हणे अर्ज करा. मग तो शाळेत गेला. तू म्हणतली म्हणून मी पोरीले घरी ठेवणार होती, पण तिची परीक्षा होती. फाटकाजवळ त्यानं तिले नाव विचारलं, आईचं नाव विचारलं, आन मोबाईलवर फोटो काढला. मग म्हणे, कोसंबटोलीची मंजुषा तुही कोण. ती म्हणे, मावशी. तो हसला म्हणे. बस, एवढंच. हसला आन गेला.

पोरगी घरी आली, दप्तर ठेवलं नाई, तसंच पाठीवर घेऊन मले विचारलं, तो काऊन हसला.

मी खोटं सांगू शकली असती. अकरा वर्षं सांगतच होती. पण तिच्या डोळ्यात पाहून मले वाटलं, आता मी नाई सांगतलं तर उद्या मोबाईल सांगंन. मी सारं सांगतलं. ह्यांनी पंपाचं दुकान बंद केलं आन येऊन आमच्याजवळ बसले. ती रडली नाई. विचारत राह्यली. माहा जन्म कोणत्या खोलीत झाला, मले देताना मावशी रडली का. मी म्हटलं, रडली. मग तिनं विचारलं, मावशीनं सरकारी कागदावर माहं काय लिहिलं.

मंजुषा, ह्याचं उत्तर मी दिलं नाई. ते तुह्याकडे आहे.

दोन दिवसांपासून ती मले आई म्हणून हाक मारत नाई. मावशीही म्हणत नाई. हाकच मारत नाई. पाणी पाहिजे असलं तर उठून घेते.

तू निवडून ये नाईतर पड, मले आता फरक पडत नाई.
गुणाबाई

*

कोसंबटोली
१५ डिसेंबर

ति. गुणाबाईस,
मंजुषाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. उत्तराची आशा न धरता लिहून राह्यली.

तुहं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणे, त्या कागदावर सही तू एकटीनं केली, पण लेकरू दोघांचं आहे. उद्या प्रचाराची सभा आहे, मी बाजूले उभा राहतो.

काल पंचायतीसमोर सभा झाली. दीडशे माणूस होतं. अंकुशनं फोटो आणलाच होता, प्रवीणभाऊ मोबाईल हातात धरून मागे उभा होता. त्याच्या आधी मीच माईक घेतला. म्हटलं, मले तीन लेकरं आहेत. तिसरी पोरगी सिरोंच्याले माह्या बहिणीनं वाढवली, तिचं नाव दिव्यानी. ती मेली म्हणून मी तुम्हाले सांगतलं, ते खोटं होतं. फारमवर दोन लिहिलं, तेही खोटं होतं. मशीनवर माहं नाव राहीन, पण मले मत देऊ नका. मी निवडून आली तरी कायदा मले काढंन, आन काढलंच पाहिजे. पोरींची बस पाहिजे असंन तर खैरुनभाभीले द्या.

प्रवीणभाऊनं मोबाईल खिशात टाकला. पहिला आवाज आला तो शेजारच्या इसरूच्या म्हातारीचा. म्हणे, पोरगी शिकते का? मी म्हटलं, सहावीत आहे. म्हातारी म्हणे, मग बरं आहे.

पण खैरुनभाभी उठून गेली. अकरा वर्षांआधी मी रिकाम्या हातानं परतली तवा दोन दिवस माह्याजवळ बसून रडली होती ती. तिचंही एक लेकरू गेलेलं. मी तिच्या खऱ्या दुःखासमोर खोटं दुःख मांडून बसली होती. त्याची लाज मले आजवर वाटली नव्हती, काल वाटली.

आज सकाळी ती आली. आत आली नाई, अंगणातूनच बोलली. म्हणे, तुले माफ नाई करत. पण बांगड्यांची टोपली घेऊन मतं मागाले घरोघरी जाते, पोरींनी काय पाप केलं. आन गेली.

अठराले मतदान आहे. दिव्यानीनं विचारलं त्याचं उत्तर तिले दे: मावशीनं आधी खोटं लिहिलं, मग साऱ्या गावासमोर खरं सांगतलं. उशीर झाला, हेही सांगजो.

तुह्या दारात उभं राहाची हिंमत नाई, म्हणून कागद पाठवते.
मंजुषा

*

कोसंबटोली
२० डिसेंबर

ति. गुणाबाईस,
मंजुषाचा नमस्कार. घाईत आहे, बस उभी आहे.

निकाल लागला. खैरुनभाभी नऊ मतांनी आली. नको नको म्हटलं तरी माह्या नावावर एकतीस मतं पडली. अजून दहा मतं अशीच माह्याकडे वळली असती तर प्रवीणभाऊची बायको आली असती, म्हणून मी मोजणी होईपर्यंत पदर तोंडात धरून बसली होती. खोट्या फारमवर त्यानं तहसीलात तक्रार दिली आहे. मले बोलावणं आलं, मी जाईन आन आहे तेच सांगीन. गोठ्याचं भांडण लांबंन, तो सुखानं सोडणार नाई. पण काल भाभीच्या घरी बाकी तेराही पोरींच्या आया बसचा अर्ज लिहाले बसल्या होत्या. मले बोलावलं नव्हतं. मोठीनं येऊन सांगतलं, भाभीनं विचारलं म्हणे, तुह्या आईचं अक्षर चांगलं आहे, ती काऊन नाई आली. मी चप्पल न घालताच गेली.

आमची आठवण येईन तवा येऊ देजो.
मंजुषा

*

सिरोंचा
२७ डिसेंबर

ति. मावशीस,
दिव्यानीचा सा. नमस्कार.

वर काय लिहायचं ते समजत नव्हतं. आईनं सांगितलं, जे तोंडात बसलं आहे ते लिही. म्हणून मावशी लिहिलं.

मी आता आईशी बोलते. आठ दिवस नव्हते बोलत. मग तिला ताप आला आणि बाबांना भात जमला नाही. मी तिला आईच म्हणते, कारण ती आहे.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. आईनं स्वतः दिली. तहसीलातलं पत्र वाचून मला तुमचा फार राग आला. सभेचं पत्र मी तीनदा वाचलं. तेव्हा राग आला नाही, पण गेलाही नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण तुम्ही खरं लिहिता म्हणून मीही लिहिते. त्या आजीला सांगा की मी सहावीत पहिली आले, गणितात नाही, बाकी सगळ्यात.

ताईला एकदा भेटायचं आहे. ती माझ्यासारखी दिसते का? तिचा फोटो पाठवू नका, मला स्वतः बघायचं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि आई येणार आहोत. बाबा बसमध्ये बसवून देतील. गावातले लोक विचारतील ही कोण म्हणून. तुम्ही काही सांगू नका. मी तिथे आल्यावर, सगळ्यांना बघून, काय सांगायचं ते ठरवीन आणि मीच सांगीन.

तोवर पत्र पाठवत राहा.
दिव्यानी