सोवळ्यातली ठकूबाई

२६ सप्टें., शुक्रवार
कुंभकोणमला पोचले एकदाची. उकाडा असा की पदर अंगाला चिकटून बसलाय. राघवेंद्रराव स्टेशनवर आले होते. निवृत्त इंजिनियर, कपाळाला अक्षता, बोलणं संथ. ठकूबाई त्यांच्या खापरपणजोबांची बायको. घरात नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू मांडलाय, सात पायऱ्या. प्लॅस्टिकचा क्रिकेट संघ थेट दशावतारांच्या खालीच. मी कौतुक केलं. खोटं.

तिची कादंबरी घरात आहे म्हणतात. बघू. माझा जुना सहकारी प्रा. स., त्याचा ‘आद्य लेखिका’ ग्रंथ डिसेंबरात छापायला जाणार, त्यात ठ. नाही. "तंजावरकडची बाई कादंबरी लिहील? अफवा आहे ती," म्हणाला, वर हसला. पुरावा म्हणून माझ्याकडे काय, तर एका जुन्या मासिकातला चार ओळींचा अभिप्राय: भाषा अशुद्ध, कुलीन स्त्रियांनी वाचू नये. तेवढ्यावर आलेय इथवर. स. च्या टेबलावर प्रत आपटायचीय, बस.

२७ सप्टें.
पुस्तक आहे. देवघरात. तिरुभुवनमच्या रेशमी तुकड्यात गुंडाळून, वर हळदकुंकवाचे थर. शेजारी ठ. ची तसबीर, तिलाही हार.

रावांची बायको मंगळाबाई म्हणाल्या, "आमचं घरांत त्या मोठ्या भक्तीण होत्या. रोज सकाळ धरून दुपारपर्यंत सोवळ्यांत बसायच्या. दार लावून. कोणाला शिवायला द्यायच्या नाहींत. ती त्यांची पोथी."

पोथी! कादंबरीकार बाईची संत करून टाकलीय या लोकांनी. घरात मराठी बोलतात अस्के जण (‘अस्के’ म्हणजे सगळे, हे मला जेवताना कळलं), पण वाचता एकालाही येत नाही. लिहिणं तमिळमध्ये. पिढ्यान्‌पिढ्या एका कादंबरीची आरती चाललीय आणि एकानेही उघडून पाहिली नाही.

मी विचारलं, फोटो काढू? राव म्हणाले, "नोको. पोथीचा फोटो काढत नाहींत."

२९ सप्टें.
आज बघायला मिळालं, तेही कसं, तर ओलं लुगडं नेसून. प्राध्यापकी करून निवृत्त झालेली बाई मी, विहिरीवर नऊवारी पिळत उभी. अंगावर काटा आला तो थंडीने नव्हे, संतापाने.

दोन तास मिळाले. पहिली साठ पानं भिकार. नायिका सारखी मूर्च्छित पडते. एक हरवलेला भाऊ, अंगावरच्या तिळावरून ओळखू येतो. असल्या गोष्टीसाठी मी गाडीत रात्र काढली? मग सासर येतं, आणि बाई एकदम जागी होते. सासू, दीर, दिराचं घोरणं, पाहुण्यांच्या पंक्ती. एकालाही सोडत नाही. मी हसू दाबत बसले. अशी जहरी बाई मला फार पूर्वी भेटायला हवी होती.

आणि हे. नायिका सांगते: ‘मी ओलेती देवघरांत बसें. सोवळ्यांतील बाईस कोणी शिवत नाहीं, हांक मारीत नाहीं. सासूबाईंस वाटे, सून देवाशीं बोलते. मी त्यांचेंच वर्णन लिहीत असें.’

दोनदा वाचलं. पाठच झालं.

१ ऑक्टो., सरस्वतीपूजा
पुस्तकं चौरंगावर. आज कुणी काही वाचायचं नाही. वर्तमानपत्रसुद्धा पूजेत. सुंडल (फोडणीचे हरभरे) खाऊन पोट बिघडलं.

रावांनी तोड काढली. उद्या विजयादशमीला पुस्तक उचलून थोडं वाचायचं असतं. दरवर्षी नुसतं पान उघडून नमस्कार करतात. "तुम्ही मराठी देशांतून आलांत. एक पान मोठ्यानं वाचा. मग फोटो काढा, चोखट."

त्यांना अर्थ कळणार. यांची मराठी माझ्या मराठीपेक्षा ठ. च्या मराठीला जवळची आहे.

२ ऑक्टो.
वाचलं नाही. पान उघडलं ते नेमकं सासूच्या दातांचं. पंधरा-वीस माणसं हात जोडून बसलेली. मी पानावर नजर ठेवून लहानपणी पाठ केलेलं एक स्तोत्र म्हटलं. मंगळाबाई डोळे पुसत होत्या.

राव म्हणाले, उद्या फोटो काढा, सगळी पानं.

स. ला हसायचा अधिकार आता मला राहिला नाही. तो निदान पुस्तक नाही म्हणाला. मी पुस्तक हातात धरून भलतंच बोलले.

रात्री मी भांडी आवरताना रावांची सून सुधा आली. बँकेत नोकरी, दारासुरमचं माहेर. दिवसभर घरात तिच्या नावाचा पुकारा असतो. डबा कुठे, चटणी कुठे. हळूच म्हणाली, "अक्का, ते स्तोत्र माझी आई म्हणते. पोथींत काय अहे?"

मी म्हटलं, झोप आता.

३ ऑक्टो., शुक्र.
फोटो झाले. उद्याची गाडी. छापलं तर कधी ना कधी यांना कळणार. मग पुस्तक देवघरातून उतरणार, तसबीर कोलूच्या पेटीत. आमच्याकडे महाराष्ट्रात ती कादंबरी म्हणूनच माहीत होती, तर एक प्रत उरली नाही. रद्दीत गेली असणार. आणि मी यांना अडाणी म्हणत आठवडाभर फिरतेय.

आज सुट्टी टाकून सुधा घरी. दुपारी केस ओले, लुगडं ओलं, हातात कोरे कागद. सासूला दारातूनच म्हणाली, "पोथी तमिळ अक्षरांत उतरून घेतों. अक्का वाचतील. सोवळ्यांत अहों, शिवूं नोका."

मंगळाबाईंनी कौतुकाने मान डोलावली. सुधाने मलाही ओलेतं नेसवून आत घेतलं, दार लावलं, पाटावर बसली.

"आतां खरं वाचा."

मी म्हटलं, "हे देवाचं नाही."

"म्हणून तर दार लावलं."

ते सोवळ्याचं पान काढलं. वाचलं. ती उतरवत होती, ‘त्यांचेंच वर्णन’शी आली आणि पेन थांबलं. मान खालीच. हसतेय की काय, दिसेना.

बाहेरून हाक आली, "सुधा, कॉफीचं फिल्टर कुठे ठेवलंस?"

तिने ओ दिली नाही. मला खूण केली, पुढे.