समुद्राकडे जाणारी शेवटची गाडी

प्रिय शुहेई,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. आज सकाळीच म्हणाले, "भातात मीठ किती घालायचं ते तुला या जन्मी कळणार नाही." म्हणजे समज.

मागच्या महिन्यातल्या वादळात तू धावून आलास त्याचे आभार मानायचे राहूनच गेलेत. दुपारी बारापासून लोकल बंद, असं रेल्वेनं आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. शहाण्या माणसानं घरी बसावं. पण आमचे साहेब म्हणाले, "बारापर्यंत गाड्या आहेत ना? मग बारापर्यंत या." आणि मी गेले! ऑफिसातले झाडून सगळे गेले. परतताना अख्ख्या टोकियोला तीच शेवटची गाडी हवी होती. मला ती मिळाली, पण वाऱ्यामुळे नदीच्या पुलाअलीकडे थांबली ती थांबलीच. घर समुद्राला लागून, खिडक्यांच्या झडपा उघड्या, बाबांचे गुडघे गेलेले, आणि फोन कुणी उचलत नव्हतं. मी डब्यात सगळ्यांसमोर रडले. शेजारच्या आजींनी काही न विचारता हातावर एक गोड गोळी ठेवली.

तेव्हा तू आमच्या घरी होतास! बारापर्यंत गाड्या म्हणजे सायोको कामावर जाणारच, हे तिकडे चिबा शहरात बसून तू ओळखलंस आणि समुद्राकडे येणारी शेवटची गाडी पकडलीस. पुढचं बाबा भेटेल त्याला सांगतात. तू त्यांना पाठुंगळी घेऊन, वादळात सगळे आसऱ्याला जातात त्या शाळेची टेकडी चढत होतास आणि ते ओरडत होते, "उतरव मला! घटस्फोट झालाय तुमचा, तू माझा कोण लागतोस?" तू म्हणालास, "घटस्फोट सायोकोनं घेतलाय, बाबा. तुम्ही कुठे घेतलाय? जरा घट्ट धरा, पडाल." बाबांनी घट्ट धरलं. त्यांना गप्प करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर झडपा लावूनही पाणी आत शिरलेलं, बाबांच्या गादीवर वीतभर वाळू. अंगणात कपडे वाळवायच्या दांड्या उतरवून दोरीनं बांधलेल्या. आणि झाकणाखाली आंघोळीचा टब काठोकाठ भरलेला. असाच भरतोस म्हणून मी तुझ्याशी किती भांडायचे! नळ सुरू होईपर्यंत आम्ही त्याच पाण्यावर दिवस काढले. तू मात्र पहिल्या गाडीनं निघून गेला होतास. वाटेत कुठेतरी आपल्या गाड्या एकमेकींसमोरून गेल्या असणार. शुहेई, तू नसतास तर आज माझे बाबा नसते. तुझे उपकार मी कधीच विसरणार नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. शनिवारी नवं वादळ येतंय. या वेळी साहेबांना सांगून टाकलंय, गाड्या असोत नसोत, मी येणार नाही. झडपा मी लावेन, दांड्या उतरवेन, बाबांना आधीच शाळेत नेऊन बसवेन. तुझं इथे तसं काहीच काम नाही. तरी बाबा रोज विचारतात, "जावई कुठल्या गाडीनं येणार?" मीही तेच विचारत असते, फक्त मनात. टब रिकामा ठेवलाय, तो तूच भर. समुद्राकडे येणारी शेवटची गाडी पकड. परतीच्या गाडीची चौकशी मी केलेली नाही, तूही करू नकोस.

वाट पाहणारी, तुझीच
सायोको