टपाचं अस्तर

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय नागेंद्र,

आप्पांच्या दहाव्याला पिंडाशी वाकून मी काय पुटपुटले, हे तू पुण्याला पोचल्यापोचल्या विचारलंस, कालही विचारलंस. सांगते. पण तुला गाडीचा इतिहास सांगायची भारी हौस, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातली तुझी पाटी वाचली मी. एका संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडून आजोबांनी ती उघडता येणाऱ्या टपाची पॅकार्ड घेतली, निपाणीच्या तंबाखू बाजारात मिरवली, मग आप्पांची झाली, मग तुझी. छान. त्यात आई कुठेच नाही. टप फाटला आणि तसलं कापड मिळेना, तेव्हा शहापूरच्या माहेरी विणलेल्या इरकलीचा पदर आईने आतून अस्तराला शिवला, हे नाही. त्याच गाडीवर आप्पांनी मला चालवायला शिकवलं आणि गाडी केली तुझ्या नावावर. मुलगी म्हणे परक्याची. परक्याकडे मी गेलेच नाही. काचबिंदूने आप्पांची नजर गेली, तेव्हा त्यांना हात धरून मोरीपर्यंत नेणारी मीच होते. रोज सकाळी ते गाडीत जाऊन बसायचे, हात वर करून त्या पदराची शिवण चाचपायचे आणि मगच चहा मागायचे.

गाडी नवी करायला नेलीस तेव्हा तेवढं अस्तर ठेव रं, म्हणून सांगितलं होतं. तू हसलास. आक्का, असल्या ठिगळाला परीक्षक मार्क कापतात, म्हणालास. बक्षीस मिळालं. अभिनंदन करायचं राहूनच गेलं बघ. इकडे आप्पांचा एकच धोशा होता, डोळं मिटायच्या आत एकदा गाडीत बसू द्या.

शेवटी तू ती आणलीस. दारात उभी करून खडेबाजारात कुंदा आणायला गेलास. मी आप्पांना आत बसवलं. त्यांनी हात वर नेला, टप आतून चाचपला, पुन्हा चाचपला. सगळीकडे गुळगुळीत. "पूर्णे, ही आपली न्हवं. पोरानं गाडी इकली का काय? तू बघून सांग गं," म्हणाले. अस्तर बदललंय, गाडी आपलीच आहे, एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं. आईचा पदर कचऱ्यात टाकणारा तू, आणि तुझी बाजू मी घ्यायची? मी म्हटलं, "व्हय आप्पा, इकली. ही दुसऱ्याची हाय."

तू कुंदा भरवायला गेलास, त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर जाईपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. म्हातारपणी माणूस चक्रम होतो, असं तू बायकोला समजावत बसलास. कुंदा मी खाल्ला. चांगला होता.

दहाव्याला कावळा शिवेना. तू हात जोडून एकेक कबूल करत गेलास. आक्काला अंतर देणार नाही, म्हणालास. गाडी कधी विकणार नाही, म्हणालास, तर जवळ आलेला कावळाही उडून गेला. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा मी पुढे झाले. "आप्पा, ती गाडी आपलीच हुती," एवढंच बोलले. कावळा लगेच उतरला. आप्पांना कळलं, त्यांचा जीव सुटला. तुझा अडकावा म्हणून हे लिहिलं. आता टप खाली करून खुशाल फिर.

तुझीच सख्खी थोरली,
पूर्णिमाक्का