डाव्या कानात सांगितलेलं

ग्योतोकु, जपान, मंगळवार संध्याकाळ

आज डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही. कानाचं चित्र दाखवलं. आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी, तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

"पहिल्या आठवड्यात आला असतात तर..." एवढंच बोलून ते थांबले.

मी तीन आठवडे घालवले. ऑफिसात नवी सिस्टिम सुरू व्हायची होती, वाटलं सर्दीने दडा बसलाय. कोणी अडवलं होतं मला? कोणीच नाही.

घरी येऊन आडवी झाले. सात वर्षांची इरा शेजारी येऊन डाव्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मला नुसता तिचा गरम श्वास कळला.

"काय म्हणालीस?"

"नाइशो." म्हणजे गुपित.

"अगं, त्या कानाने आईला ऐकू येत नाही."

"माहितेय. म्हणून तर तिथे सांगते. रोज."

रोज? काय सांगते? शाळेतलं? की माझ्याबद्दलच काही? मी हळूच उजवा कान वळवला, तर ती गप्पच झाली.

मग मी पुन्हा डावा कान तिच्याकडे केला. ती बराच वेळ बोलत राहिली. खांदा ओला लागला तेव्हा कळलं, ती रडतेय. तरी मी हलले नाही.